ढाण्याबद्दल माझा अभिप्राय

बसा. चहा उकळून राह्यला तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. नाई त पारावरचा कोनी रिकामटेकडा तुमाले तिखटमीठ लावून सांगन, अन् त्यात मी आहे त्याहून जास्त येडा दिसीन. आहे तेवढा पुरे आहे.

माझं शिक्षन तिसरी. तिसरीत मास्तरनं माझा कान पिळला, मी त्याच्या सायकलची हवा सोडली, अन् आमचा दोघाइचा संबंध तिथीच संपला. पन वाचता येते मले. बसची पाटी वाचतो, खताच्या पोत्यावरचं वाचतो, लग्नपत्रिकेत माझं नाव कोनाच्या खाली टाकलं ते त सगळ्यात आधी वाचतो. फक्त अवघड जोडाक्षर आलं, नाई त कोनता इंग्रजी शब्द मराठीत लिहून ठेवला असला, की बांधावरून पाय टाकून पुढच्या बांधीत जावं तसा मी पुढं जातो. सत्तर वर्सं काई अडलं नाई. एकाहत्तराव्यात अडलं.

माझी नात आहे, पिंकी. ब्रह्मपुरीले कॉलेजात शिकते. एक दिवस सकाळी जीपवाला बाहेर हॉर्न वाजवून राह्यला, हिच्या एका हातात पोळी, दुसऱ्या हातात पुस्तक. पुस्तक तिनं माझ्या मांडीवर टाकलं.

"आबाजी, हे वाचा. मी अन् माझ्या मैत्रिनींनी सालभर लोकाइजवळून लिहून घेतलं आहे. ढाण्याले आपल्या मंडईत येऊ द्याचं का नाई, ते रविवारी वाचनालयात ठरनार आहे. तुमच्या अभिप्रायावर आहे सगळं."

"माझ्याच काऊन?"

"बाकीचे वाचाले तयार नाई. म्हनते, भाऊ म्हनन तसं, म्हन्जे तुमी. आबाजी, चांगलं वाचा. मी शब्द देऊन बसली आहे."

कोनाले शब्द दिला, ते विचाराच्या आत जीप वळनावर. परीक्षा होती म्हनून पोरगी आठवडाभर ब्रह्मपुरीलेच मैत्रिनीच्या खोलीवर राहनार होती. अन् मी इथी, मांडीवर पुस्तक घेऊन.

आता तुमाले दोन गोष्टी मालूम पायजे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकीबाळी येतात, रात्री नाटक होते. आमच्या गावच्या मंडईच्या समितीत सगळ्यात बुढा मी. मी मान हलवली की बाकीच्याइच्या माना हलतात. अक्कल आहे म्हनून नाई, माझं तोंड कोनाले नको असते म्हनून.

दुसरी गोष्ट अशी. भादव्यात वाघानं माझी कबरी गाय मारली. नाल्याच्या काठी, भर दिवसा. पंचनामा झाला, फोटू झाले, कागद सावली गावाले वनखात्याच्या हापिसात गेला. मी दर पंधरा दिवसाइनं जाऊन विचारतो, टेबलावरचा बाबू म्हनते, "आजोबा, साहेबांचा अभिप्राय बाकी आहे." म्हनून अभिप्राय हा शब्द मले फक्त तिथचा माहीत. अभिप्राय म्हन्जे वाघानं काय केलं अन् त्याचं पुढं काय कराचं, ते कागदावर लिहाचं. मंडईच्या समितीची आधीची बैठक झाली, तेव्हा पन मी तिकडंच त्या बाबूच्या समोर बसून होतो. बैठकीत काय बोलनं झालं, मले काय मालूम?

पुस्तक पाह्यलं. काळंभोर. त्यावर पिवळे पट्टे, दोन पिवळे डोळे, वर मोठ्या अक्षरात "ढाण्या". खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "एका रॉक बँडविषयी पंचवीस जणांनी लिहिलेलं".

पंचवीस जनाइनं. म्हन्जे पंचवीस साक्षीदार. मी म्हनलो, वा रे पोरी. वनखात्याले सात जन्मात जमलं नाई ते हिनं एका सालात केलं.

रॉक बँड मात्र समजलं नाई. शेजारी मारोती राहते. त्याचा पुतन्या मोहर्लीले सफारीची गाडी चालवते, त्यामुळं मारोतीले इंग्रजी येते असं मारोती म्हनते. त्याले विचारलं.

"रॉक म्हन्जे दगड, भाऊ."

"अन् बँड?"

"बँड म्हन्जे बँड. लग्नात वाजते तो."

मंग आमी दोघं विचार करत बसलो. दगड अन् बँड. वाघ शेताकडं आला की आपन काय करतो? दगड मारतो, डफडं वाजवतो, डबे बडवतो. मारोती म्हनाला, शहरातले शिकलेले लोकं वाघ हाकलन्याले रॉक बँड म्हनत असतीन. मले इतकं बराबर वाटलं की मी त्याले दुसरा चहा पाजला. त्या चहाचा मले आजपर्यंत पस्तावा आहे.

मंग चष्मा लावून बोट ठेवून वाचाले बसलो. पहिल्याच पानावर कोनी लिहिलं होतं, "ढाण्या पहिल्यांदा समोर आला तेव्हा माझे पाय जागीच थिजले." थिजनारच. दुसरा लिहिते, "ढाण्याने ब्रह्मपुरीच्या मैदानात दीड तास धुमाकूळ घातला. घरी आलो तेव्हा कान सुन्न, घशातून आवाज निघत नव्हता." भर ब्रह्मपुरीत वाघ शिरला, दीड तास राह्यला, अन् आमाले खबर नाई. कसं राज्य आहे पाहा. तिसरा म्हनते, "आई सांगत होती, ढाण्याच्या मागे जाऊ नको, शिकार होशील. झालो." हे वाचून मले गलबलून आलं. मंग डोक्यात आलं, शिकार झाला त लिहिलं कोनं? म्हनलं, थोडक्यात वाचला असन बिचारा, हातपाय गेला असन.

एका पोरीनं त कमाल केली. लिहिते, "गर्दीतून पुढे घुसले आणि ढाण्यासोबत फोटो काढला." आजकालच्या पोट्ट्याइले कोनाचा धाकच राह्यला नाई. वाघाचा पन नाई.

अन् अकराव्या पानावर मी जो हाललो. तिथी लिहिलं होतं, "ढाण्या म्हणजे एक नव्हे, चार जण. सगळ्यात पुढे तो, खांद्यापर्यंत केस असलेला. त्याने मान झटकली की मुली किंचाळतात."

चार. अन् एकाले आयाळ.

मी पुस्तक मिटलं. पुरावा बस झाला. मारोतीले हाक मारली अन् सांगतलं की खात्यानं बाहेरून काई तरी आनून आपल्या जंगलात सोडलं आहे. अर्धा वाघ, अर्धा सिंव्ह. मारोती म्हनाला, पुतन्या बोलून राह्यला होता तसं काई तरी. पुतन्या काईच बोलला नसन, पन मारोतीले माहीत नाई असं जगात काई नाई.

त्याच रात्री पिंकीचा फोन आला. पुस्तक कसं वाटलं म्हने.

"पोरी, अंगावर काटा आला."

ती इतकी खूश झाली की मलेच इचित्र वाटलं. "खरंच, आबाजी? आमाले पन तसंच झालं होतं."

"अन् आपल्या मंडईत आले त?"

"आबाजी, सगळं गाव धावत सुटन, पाहा तुमी."

धावत सुटन हे मलेही समजत होतं. कोनत्या दिशेनं, एवढाच प्रश्न होता.

सकाळपर्यंत मारोतीनं आपलं काम केलं होतं. बायाइनं धान कापाले जानं बंद केलं. उभं धान वाकून चाललं, माझा पोरगा कपाळाले हात लावून बांधावर बसला, पन एक बाई घराबाहेर पडन त शपथ. शुक्रवारी चाराचे सहा झाले, अन् आयाळ गुडघ्यापर्यंत आली. शेवटी वनरक्षक मोटरसायकल घेऊन आला. भला मानूस. दोन दिवस चिखलातून वाकून पायाचे ठसे शोधले. मारोतीच्या कुत्र्याचे सापडले.

रविवारी दुपारी वाचनालय खच्चून भरलं. वाचनालय चालवते ते गुरुजी, रिटायर झालेले, कानानं थोडे कमी, पन वही पक्की. कोनी खोकलं तरी वहीत लिहून ठेवतीन असे. तेच समोर बसले होते. वनरक्षक मांग भिंतीले टेकून उभा.

तेवढ्यात पिंकी आली, अन् तिच्या मांग चार पोट्टे. काळे कपडे, खांद्यावर लांबच लांब काळ्या पेट्या. एकाचे केस खांद्यापर्यंत. मले तेव्हाच समजाले पायजे होतं, पन तेव्हा माझी नजर पेट्याइवर होती. अशा लांब पेट्याइत काय असते, ते झाडीतल्या मानसाले सांगा लागत नाई. भुलीची बंदूक. पिंकीनं चांगली तयारी केली आहे, वाघ पकडनारे पोरं सोबतच आनले, असं मले वाटलं. ते पोरं मले पाहून हसले, पाया पडले. पिंकी म्हनाली, "आबाजी, हे..." मी हात वर केला. म्हनलं, सांगू नको, ओळखलं मी.

केसवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "पोरा, नेम चुकवू नको. पहिल्याच दनक्यात लोळला पायजे."

"आबाजी, तुमचा आशीर्वाद असला त सगळं गाव लोळवतो," पोरगा म्हनाला.

मले वाटलं, उत्साहाच्या भरात बोलून राह्यला.

गुरुजीनं सांगतलं की पुस्तक बाकी कोनी वाचलं नाई, भाऊनं वाचलं, भाऊचा अभिप्राय तोच समितीचा अभिप्राय. मी उभा झालो. इतके लोकं माझं ऐकाले गप बसले असं माझ्या लग्नात पन झालं नव्हतं.

मी म्हनलो, हे पुस्तक मी पाठपोट वाचलं. एक पान सोडलं नाई. ज्या पंचवीस लोकाइनं हे सोसलं, त्याइच्यासाठी मले वाईट वाटते. हा ढाण्या अन् त्याची टोळी आता मंडईत येतो म्हनते. तिथी आपल्या लेकीबाळी असनार, तान्हे लेकरं असनार. मी जिता आहे तोवर त्याइचा पाय मंडईत पडू देनार नाई. चारही जनाइले भुलीचं इंजेक्शन द्या, पिंजऱ्यात घाला अन् नागपूरले पाठवा. केसवाल्याले आधी द्या, तो जास्त धोक्याचा.

सांगतो तुमाले, टाळ्या पडल्या. मारोतीनं सगळ्यात जोरात वाजवल्या. पोट्ट्याइचे तोंडं उतरले. मले वाटलं, चार वाघ धराचे म्हनून घाबरले. केसवाल्यानं त आपले केस हातानं मांग लपवले. गुरुजी चष्म्यावरून पाहत म्हनाले, "भाऊ, चौघाइलेही? इतकं कडक?"

"चौघाइले. लिहा."

गुरुजीइले माझं बोलनं माहीत आहे. गेल्या साली भजनी मंडळाले मी नदीत बुडवा म्हनलो होतो. त्याइनं ते पन लिहिलं होतं, हे पन लिहिलं. मंग म्हनाले, ज्याले भाऊचं म्हननं पटलं त्यानं हात वर करा. सगळे हात वर. ठराव पास. ढाण्याले मंडईत मनाई.

तेव्हा मांगून वनरक्षक बोलला. म्हनाला, माझ्या हद्दीत एकच वाघ होता, तो बी महिना झाला वैनगंगेच्या पार गेला. हे चार कुठून आले? मी त्याले पुस्तक दाखवलं. त्यानं हातात घेतलं, वरचं वाचलं, उघडलं, पुन्हा वरचं वाचलं. मंग त्यानं पोट्ट्याइकडं पाह्यलं, मंग पेट्याइकडं, मंग माझ्याकडं. अन् तो खाली बसला, तोंडावर टोपी धरून. खांदे हलून राह्यले होते त्याचे.

पिंकी उभी झाली. डोळे भरले होते, पन आवाज पक्का होता.

"आबाजी, ढाण्या म्हन्जे हे चौघं होत. गानं म्हनतेत. ह्या पेट्याइत गिटार आहेत."

वाचनालयात इतकं शांत झालं की बाहेर बकरी पाला खाऊन राह्यली होती त्याचा आवाज येऊ लागला.

आता तुमी म्हनसान, मानसानं तिथीच हात जोडावं अन् मोकळं व्हावं. पन मी चुकलो असं मी कधी म्हनलेलं गावात कोनाले आठवत नाई. माझी बायको ऐकाची ऐकाची म्हनता म्हनता वर गेली, तिथून पन कान लावून असन. मी भांडाले सुरुवात केली. म्हनलं, नाव काऊन असं ठेवलं? वाघाच्या मुलखात वाघाचं नाव ठेवता, मंग लोकं काय समजतीन? कोकिळा ठेवाचं, पोपट ठेवाचं. मंग मारोतीकडं वळलो, रॉक म्हन्जे दगड कोन म्हनलं होतं? मारोती म्हनाला, दगडच होते, भाऊ, त्यात माझं काई चुकलं नाई. खरं म्हन्जे त्याचं बराबर होतं, म्हनून जास्त राग आला.

गुरुजी म्हनाले, ठराव लिहिला गेला. तुमच्या अभिप्रायावर झाला, तुमीच मांग घेसान त मांग जाईन, नाई त ह्या पोराइले औंदा मंडई नाई. पोट्ट्याइनं पेट्या उचलल्या सुद्धा. केसवाला पिंकीले हळूच म्हनाला, राहू दे, दुसरं गाव पाहू.

पिंकी माझ्याजवळ आली. लोकाइले ऐकू जाऊ नये असं बोलली.

"तुमाले आवडलं नाई त नाई म्हना, आबाजी. पन ह्याइले नाई म्हना, वाघाले नको. मी कॉलेजात सगळ्याइले सांगून ठेवलं होतं, आमचा आबाजी पुस्तक वाचून राह्यला."

पोरीनं सालभर घरोघर फिरून कागद गोळा केले होते, अन् मी तिच्याच गावात, तिच्यासमोर, तिच्या दोस्ताइले पिंजऱ्यात घालून बसलो होतो.

मी उभा झालो. म्हनलं, "गुरुजी, लिहा. माझा अभिप्राय वापस. मी चुकलो."

"काय म्हनले?" गुरुजीइनं कानामांग हात धरला.

"चुकलो म्हनलं."

"जरा जोरात, भाऊ. वहीत चुकीचं जाऊ नये."

तिसऱ्यांदा मी असा ओरडलो की बाहेरची बकरी पळाली. लोकाइनं ह्या खेपेले पहिल्याहून जास्त टाळ्या वाजवल्या. हात पुन्हा वर झाले, सगळ्यात आधी मारोतीचा. ढाण्याले मंडईत दुपारचा टाईम भेटला.

मंग लोकं म्हनाले, आता एक गानं होऊनच जाऊ द्या. पोट्ट्याइनं पेट्या उघडल्या, एकानं रिकामी घागर उलटी घेतली, अन् सुरू झाले. खरं सांगू? डबे बडवले की वाघ पळते, हे मी त्या दिवशी मनापासून मानलं. बोल आमच्याच बोलीतले होते, दोन ओळी समजल्या, त्या चांगल्या होत्या. बाकीच्या समजल्या नाई, त्या पन चांगल्या असतीन. पोरं जीव तोडून गाऊन राह्यले होते, पिंकी हसून राह्यली होती. मी बसून राह्यलो. कानात बोटं घातले, पन उठलो नाई.

गानं संपल्यावर केसवाला घाम पुसत माझ्यापुढं येऊन बसला. म्हनाला, "आबाजी, खरंच ओळखलं नाई आमाले? पुस्तक त पाठपोट वाचलं म्हनले तुमी. बारावं पान नाई पाह्यलं?"

वनरक्षकाजवळ पुस्तक होतंच. त्यानं बारावं पान काढलं अन् सगळ्याइले दिसन असं धरलं. पानभर फोटू. जागा ओळखीची वाटली, जवळून पाह्यलं त माझंच खळं. मांगच्या हिवाळ्यात पिंकीनं कॉलेजातले पोरं आनले होते, मले वाटलं माती तपासाले आले. तेच हे चौघं, माझ्या तनसीच्या ढिगावर गिटार घेऊन बसले होते.

अन् त्याइच्या बराबर मधात, हातात चहाची किटली घेऊन, डोक्यावर त्या केसवाल्याचा काळा चष्मा चढवून, सगळ्यात जास्त दात काढून बसला होता तो पाचवा ढाण्या मी होतो.